जुना फ्रेंच ब्रॉन्झ घेताय? आधी उलटा करून बघा

मर्क्युरी, डायना, थीसियस असले ग्रीक-रोमन पुराणकथांतले पुतळे समोर आले की आपण आधी चेहरा बघतो, पण मी सांगते आधी उलटा करा, खरं काय ते बुडाशी कळतं. आतून पोकळ असतो, तिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी विकणाऱ्याला विचारून सुईने बारीक चरा काढायचा, सोनेरी-पिवळा निघाला तर ब्रॉन्झ आणि चांदीसारखा राखाडी निघाला तर स्पेल्टर, म्हणजे जस्ताचा पुतळा वरून रंगवलेला. लोहचुंबकावर जाऊ नका, तो जस्तालाही चिकटत नाही. टिचकी मारून बघा, ब्रॉन्झ खणखणतो, जस्त बद्द वाजतं.

मग सही. उदाहरणार्थ फ्रेंच शिल्पकार बार्येचा थीसियस आणि मिनोटॉर (ग्रीक वीर आणि बैलाच्या डोक्याचा राक्षस) घ्या, मूळ १८४३ चा, मला फार आवडतो, मिनोटॉर विळखा घालून झटतोय आणि थीसियसचा चेहरा एकदम शांत. बार्ये १८७५ मध्ये गेला, पुढच्या वर्षी त्याची बरीच मॉडेल्स, म्हणजे ज्यांवरून पुतळे ओततात ते मूळ नमुने, बार्बेडिएन फाउंड्रीने (धातूचे पुतळे ओतणाऱ्या कारखान्याने) घेतली, त्यामुळे पुतळ्यावर बार्येची सही आणि बार्बेडिएनचं नाव दोन्ही असेल तर तो बहुधा बार्येच्या हयातीतला नाही, तरीही चांगला असू शकतो, फक्त त्याला हयातीतल्या पुतळ्याची किंमत देऊ नका.

नाव कोरलंय एवढ्यावर मात्र विश्वास नको, कारण तयार पुतळ्यावरूनच साचा घेऊन दुसरा ओततात तेव्हा नावही उतरतं. पण ब्रॉन्झ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या पुतळ्याची अशी नक्कल जवळजवळ एक सेंटीमीटरने लहान निघते. म्युझियमच्या साइटवर उंची दिलेली असते, टेप घेऊन जा, फक्त त्याच साइजशी जुळवा कारण बार्बेडिएन एकच पुतळा लहान-मोठ्या साइजमध्ये विकायचे. भिंग लावून केस आणि बोटं बघा, खऱ्यात छिन्नीची धार दिसते, नकलेत सगळं साबण झिजल्यासारखं गुळगुळीत.

आणि घरी आणल्यावर प्लीज चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर काही लावू नका!! तो तपकिरी-काळा थर म्हणजे मळ नाही, पॅटिना आहे, कारागिराने मुद्दाम चढवलेला, एकदा गेला की किंमतही गेली. मऊ ब्रशने धूळ काढा, बस. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागली तर ओलाव्यापासून लांब ठेवून कॉन्झर्व्हेटरला (जुन्या कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. उचलताना दोन्ही हात बुडाखाली, हाताला किंवा तलवारीला धरून कधीच नाही, ते भाग बऱ्याचदा वेगळे ओतून जोडलेले असतात.