काचेच्या बरणीवर पैठणीची कोयरी

दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्याकडे रिकाम्या बरण्या यायला लागतात. लोणच्याच्या, जॅमच्या, मधाच्या. आत टी-लाईट ठेवायचा आणि बाहेरून नक्षी काढायची, एवढंच हे काम. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्यांदा एकच सांगते: काच रंग शोषत नाही. कागद शोषतो, कापड शोषतं, काचेवर रंग नुसता बसून राहतो. पुढची सगळी कटकट त्यातूनच येते.

बरणी आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा. लेबलचा चिकटपणा राहिलाच तर खोबरेल तेलात खायचा सोडा कालवून चोळा आणि भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. सुकली की मेडिकलमधलं साधं स्पिरिट कापसावर घेऊन पुसा. यानंतर बरणी तोंडाच्या कडेला धरायची. पोटाला बोट लागलं तर तेवढ्या जागेवरून रंग मागे सरतो, मग पुन्हा पुसा.

नक्षीची वाटणी डोळ्याच्या अंदाजाने करू नका. कागदाची पट्टी बरणीभोवती गुंडाळून जिथे टोकं भेटतात तिथे कापा आणि तीनदा दुमडा. आठ सारखे भाग पडतात. अर्धा किलोच्या बरणीचा घेर साधारण २५ सेंमी, म्हणजे एका कोयरीला तीन सेंमी मिळतात, भरपूर झाले. पट्टीवर कोयऱ्या जाड काळ्या पेनाने काढा आणि ती आतून चिकटवा. कोयरीचं टोक एकाच दिशेला वळू दे. पैठणीच्या काठाची ऐट त्या वळणात असते.

आता लायनर, म्हणजे नक्षीची बाहेरची रेघ काढायचा नळीतला जाड रंग. मेंदीचा कोन धरता येणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. नळी काचेला घासायची नाही; किंचित वर धरायची आणि रेघ खाली पडू द्यायची. घासली की रेघ चपटी होते आणि रंग तिच्यावरून पलीकडे जातो. प्रत्येक घर पूर्ण बंद हवं. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी राणी रंग हिरव्यात शिरतो. ओली रेघ चुकली तर इअरबडने पुसा, सुकलेली असेल तर ब्लेडने खरवडा. सगळे सोनेरी लायनर घेतात, मला काळा आवडतो. दिवा लागला की सोनेरीसुद्धा काळाच दिसतो, मग जास्त पैसे कशाला? रात्रभर सुकू द्या.

रंग दोन जातीचे: पाण्याचे आणि थिनरवाले. थिनरवाल्यांची चमक काही औरच, पण वास उग्र आणि पेट घेणारा. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात हे काम अजिबात नको. बाटली हलवू नका, बुडबुडे होतात, काडीने ढवळा. बरणी दोन टॉवेलच्या गुंडाळ्यांमध्ये आडवी ठेवा आणि फक्त वर आलेल्या दोन कोयऱ्या भरा. उभी ठेवून रंगवलंत तर रंग ओघळून खालच्या कडेला साचतो. ब्रशने फासायचं नाही. घराच्या मधोमध थेंब सोडायचा आणि टोकाने रेघेपर्यंत ढकलत न्यायचा. रंग काठोकाठ हवा, कमी पडला तर पट्टे दिसतात. आता आतली पट्टी काढून मोबाईलचा टॉर्च बरणीत धरा. टेबलावर एकसारखा वाटलेला रंग किती ठिकाणी विरळ आहे ते तेव्हा कळतं. तिथे ओल्यातच आणखी एक थेंब. बुडबुडा दिसला तर टाचणीने फोडा. रंग बोटाला चिकटेनासा झाला की बरणी वळवा.

पारदर्शक रंग दोनापेक्षा जास्त मिसळू नका, चिखल होतो. पांढरा हवा तिथे काच कोरी सोडा.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रं आहेत, ती आवर्जून बघा. ती मागच्या बाजूने रंगवलेली असतात. म्हणजे डोळे-दागिने आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. बरणीवर आपण बाहेरून रंगवतो, त्यामुळे आपल्याला हा उलटा क्रम पाळावा लागत नाही.

दिवा लावण्याआधी चार-पाच दिवस पूर्ण सुकू द्या. रुंद तोंडाचीच बरणी घ्या, ज्योत मधोमध ठेवा. पाणी प्यायचा ग्लास रंगवणार असाल तर काठापासून दोन सेंमी जागा कोरी सोडा, आतून तर रंगवूच नका. भाजून पक्के होणारे रंगही मिळतात. त्यांच्या बाटलीवर लिहिलेलं तापमान आणि वेळ पाळा. बरणी थंड ओटीजीतच ठेवून मग तो चालू करायचा आणि बंद केल्यावर आतच निवू द्यायची, नाहीतर काच तडकते. साधे रंग मात्र भाजायचे नाहीत. अशी बरणी ओल्या फडक्याने पुसा, घासणी लावू नका.

काम झालं की लायनरच्या नळीत टाचणी खोचून ठेवा.