मार्च मॅडनेसचा पूल: साइट निवडताना मी काय बघते

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. ड्यूक आणि यूएनसी ही दोन्ही विद्यापीठं अर्ध्या तासावर, त्यामुळे मार्च लागला की आमच्या मराठी ग्रुपमध्ये मार्च मॅडनेस, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा, याशिवाय दुसरा विषय नसतो. २०२२ च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, हे दोघे समोरासमोर आले, तेव्हा तर घराघरात दोन पक्ष पडले होते. पूल, म्हणजे निकालांचे अंदाज बांधायची आमची चुरस, मी चालवते. ६४ संघ, ६३ सामने, आणि प्रत्येक सामन्याचा विजेता स्पर्धा सुरू होण्याआधीच सांगायचा. सुरुवातीला कागदावर हिशोब ठेवला, पण पंधराएक माणसं झाली की साइटच लागते.

साइट निवडताना मी सगळ्यात आधी गुणांची पद्धत बघते. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या साइटची नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्या फेरीत बरोबर उत्तराला १० गुण, मग २०, ४०, ८०, १६० आणि अंतिम सामन्याला ३२०. पहिल्या फेरीतले ३२ च्या ३२ सामने बरोबर सांगितले तरी ३२० च होतात, म्हणजे एकटा विजेता ओळखण्याइतकेच. २०२३ मध्ये पर्ड्यू हा पहिल्या सीडचा (सीड म्हणजे मानांकन, १ सगळ्यात वरचं, १६ सगळ्यात खालचं) संघ शुक्रवारी रात्री सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला. ज्यांनी पर्ड्यूला अजिंक्य धरलं होतं त्यांचे सहाही फेऱ्यांचे मिळून ६३० गुण एका सामन्यात गेले. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी पूल संपल्यात जमा झाला, तर पुढचे अडीच आठवडे कोण बघणार?

म्हणून गुण आयोजकाला ठरवता येतील अशीच साइट घ्या. याहू आणि सीबीएस स्पोर्ट्सवर ते करता येतं. मी १०, २०, ३०, ५०, ८०, १३० असे लावते आणि खालच्या सीडचा संघ जिंकला तर दोन सीडमधल्या फरकाइतके जादा गुण देते. त्याच वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी प्रिन्स्टन निवडलं, कारण आइन्स्टाइन तिथे राहायचे. पंधराव्या सीडच्या प्रिन्स्टनने दुसऱ्या सीडच्या ॲरिझोनाला हरवलं आणि सासूबाईंना १० अधिक १३ मिळाले. त्या रात्रीपासून रोज जेवणाआधी आयपॅड त्यांच्या हातात!

दुसरी गोष्ट मी ठेच लागून शिकले. एका साइटवर आमच्या एका वहिनींनी फोनवरून सगळे ६३ सामने भरले, फक्त टायब्रेकरचा रकाना (दोघांचे गुण सारखे झाले तर निकाल लावायला अंतिम सामन्याची एकूण गुणसंख्या सांगायची तो) रिकामा राहिला. साइटने त्यांचं ब्रॅकेट, म्हणजे अंदाजांचा तक्ता, अपूर्ण धरलं. गुरुवारी दुपारी सामने सुरू झाले, कुलूप लागलं, आणि मलाही आत जाऊन काही करता येईना. त्यांनी तीन दिवस अभ्यास करून भरलं होतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन गोष्टी तपासते: कोणाचं ब्रॅकेट अपुरं आहे हे आयोजकाला आधी दिसतं का, आणि कुलूप लागल्यावर चूक दुरुस्त करायचा अधिकार आयोजकाला आहे का. पुण्या-मुंबईचं कोणी खेळत असेल तर मुदत त्यांच्या वेळेत कळवा. इथली गुरुवारची दुपार म्हणजे तिथली रात्र, साधारण पावणेदहा.

एका खात्यातून अनेक ब्रॅकेट भरता आली तर सोन्याहून पिवळं, कारण आजी-आजोबांना ईमेल, पासवर्डच्या भानगडीत पाडावं लागत नाही. महिलांची स्पर्धा त्याच साइटवर आहे का, तेही बघा. २०२२ पासून तिच्यातही पुरुषांइतकेच संघ असतात आणि माझी मुलगी आता तीच जास्त बघते.

प्रवेशशुल्क गोळा करणाऱ्या साइट मी घेत नाही. पैशांच्या पूलचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि मित्रांमध्ये पैसा मला नकोच. आमच्याकडे विजेत्याला पुरणपोळ्यांचा डबा मिळतो.

संघ रविवारी संध्याकाळी जाहीर होतात आणि हातात जेमतेम पावणेचार दिवस उरतात. तेव्हा साइट फेब्रुवारीतच ठरवून पूल उघडून ठेवा, गुण लावा, आणि आमंत्रणाची लिंक आधी घरातल्याच दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथे ती ॲप उतरवल्याशिवाय उघडत नसेल, तर मी दुसरी साइट शोधते.