बाबांसोबत गिटार वाजवायची तर

गिटार थोडी हाताला लागली की घरातल्या मोठ्यांनाही त्यात ओढावंसं वाटतं. मग आपण काय करतो, तर गिटार त्यांच्या हातात देतो आणि सी कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) कुठली तीन बोटं कुठे ठेवायची ते दाखवायला लागतो. मीही हेच केलं. बाबा तेव्हा ६७ वर्षांचे होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर म्हणून राबलेले हात. एका तारेवर बोट ठेवलं की शेजारची तार आपोआप दबायची. दहा मिनिटांनी त्यांनी गिटार अलगद गादीवर ठेवली, 'तुझं चालू दे' म्हणाले आणि बातम्या लावल्या. पुढचे सहा महिने घरात गिटारचं नाव निघालं नाही.

माझी चूक मला फार उशिरा कळली. बाबा सावरकर नगरात शेजारपाजारच्या भजनात कित्येक वर्षं गायलेले. त्यांच्याकडे सूर होता, ताल होता, हत्यारांची जाण होती, आणि मी त्यांना पहिलीच्या वर्गात बसवलं होतं. पुढे जे सांगतोय ते त्यानंतरच्या चार वर्षांत, दर रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरून बसने त्यांच्याकडे जाऊन जमत गेलेलं आहे. तुमच्या घरी आई असेल, आजी असेल, सासरे असतील, तरी क्रम हाच ठेवा.

आधी त्यांची पट्टी शोधा

'एक गाणं म्हणा ना' असा आग्रह केला की मोठ्या माणसांचा गळा आखडतो. त्यापेक्षा ती स्वतःहून गुणगुणतात ती वेळ धरा: पूजा करताना, भाजी निवडताना, दाढी करताना. ओळीच्या शेवटी आवाज जिथे विसावतो, तो बहुतेक वेळा सा असतो, आणि तोच त्यांची पट्टी. तो कानात धरून गिटारवर शोधा किंवा ट्यूनर ॲपवर बघा. भजनात गायलेलं माणूस असेल तर सरळ विचारा, 'पेटीवाले तुम्हाला कुठली पट्टी द्यायचे?' बाबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, 'काळी दोन.' गिटारच्या संदर्भात त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. तोवर मीच बोलत होतो.

आता ही पेटीची भाषा गिटारवर आणायची. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, आणि फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी. कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की सगळे सूर अर्ध्या स्वराने चढतात. म्हणून पुरुषाच्या आवाजाला सी कॉर्डचा आकार, म्हणजे बोटांची तीच मांडणी, घ्या: कॅपो नसताना पांढरी एक, पहिल्या फ्रेटवर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन. बायकांची पट्टी बहुधा वरची असते, तिथे जी कॉर्डचा आकार सोयीचा पडतो: कॅपो नसताना पांढरी पाच, पहिल्या फ्रेटवर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. हा हिशेब कागदावर लिहून गिटारच्या कव्हरमध्ये ठेवा.

तुम्हाला सोपं जातं त्या पट्टीत त्यांना गायला लावू नका. दोन सूर खाली-वर झाले की गळा ताणला जातो, आणि 'आता नाही रे जमत' हे वाक्य तिथेच जन्माला येतं.

साथीला दोनच कॉर्ड

पहिल्या बैठकीसाठी त्यांच्या तोंडात बसलेली एखादी अशी चाल निवडा जी भूप रागाच्या अंगाने जाते. भूपात सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर. सी कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत. ए मायनरमध्ये ध, सा, ग. म्हणजे या दोन कॉर्डमधला एकही सूर रागाबाहेर जात नाही. पुस्तकातल्या सवयीने एफ आणि जी आणल्या की म आणि नी आत शिरतात, आणि गाणारा न सांगता थांबतो. काय खटकलं हे त्यांना शब्दांत सांगता येईलच असं नाही, पण कान पक्का असतो. चालीतच म किंवा नी असेल तर मात्र एफ आणि जी खुशाल घ्या. एफ जड जात असेल तर पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार मोकळी सोडा.

चालीत कोमल गंधार असेल, म्हणजे भीमपलासी रागासारखा रंग, तर सी कॉर्ड सगळा विचका करते. तिथे ए मायनरचा आकार धरा आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावा. सा पांढरी एकवर येतो. काळी एक हवी तर चौथ्यावर, पांढरी दोन हवी तर पाचव्यावर.

उजव्या हाताने नुसतं वर-खाली झोडपू नका. केरवा तालाच्या आठ मात्रा मोजा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, बाकीच्यांना बारीक तारांवर हलका हात. सी आणि ए मायनर दोन्हींना अंगठा पाचव्या तारेवरच पडतो, त्यामुळे खाली बघावं लागत नाही. दादरा असेल तर सहा मात्रा, अंगठा पहिल्या आणि चौथ्यावर. लय त्यांची असू द्या. भजन पुढे सरकतं तशी लय वाढते, ती वाढायचीच असते. मेट्रोनोमच्या ठरावीक टकटकीने तिला बांधून ठेवू नका. टाळ बंद खोलीत गिटारला गिळून टाकतात, म्हणून आमच्याकडे बाबा चिपळ्या घेतात.

त्यांच्या हातांना काम द्या

एवढ्यावर थांबलात तरी चालेल, बऱ्याच घरांत एवढंच पुरतं. पण गाणाऱ्याचे हात मोकळे असतात आणि ते गिटारकडे जातातच. बाबांचे हात गेले ते तारा बदलताना. मी गंजलेल्या तारा काढत होतो आणि बोलता बोलता म्हणालो, की स्टीलच्या सहा तारांचा मिळून साधारण ७० किलो ताण या लाकडावर असतो. 'सत्तर? या एवढ्याशा पातळ फळीवर?' ते उठले, चष्मा लावला आणि ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे लाकडाला अडकवतात तिथे, बोट फिरवून सांधा तपासला. त्या दिवसापासून आमच्या गिटारच्या तारा तेच बदलतात.

पद्धत अशी. एकेक तार बदला, सगळ्या एकदम काढू नका. जुनी तार आधी पूर्ण सैल करा, मगच सोडवा. नवी तार ब्रिजमध्ये बसवून खुंटीच्या भोकातून ओवा, दोन-तीन वेढे बसतील इतकी ढील ठेवा. वेढे वरून खाली, एकमेकांना चिकटून पडले पाहिजेत; एकावर एक चढले तर सूर उतरत राहतो. तार चढवताना तोंड गिटारपासून लांब, डोळ्यांवर चष्मा. उरलेलं टोक सूर लागल्यावरच कापा. मी नवी तार घाईने पिळत होतो तेव्हा बाबांनी माझा हात धरला, 'ओढू नकोस, बसू दे तिला.' त्यांनी तारेखाली बोट घालून ती दोन-तीन जागी हलकेच उचलली, पुन्हा सुरात आणली, पुन्हा उचलली. चौथ्या खेपेला सूर उतरला नाही.

बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे हेही त्यांना मोजू द्या. स्टीलच्या गिटारवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असलं की दाबायला बरं. बाबा फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं रचून बघतात. पावसाळ्यात आपल्या ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि हे अंतर वाढतं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये अर्धा मिलिमीटर जास्त भरलं होतं. ओल धरणाऱ्या भिंतीला गिटार टेकवू नका, कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झाली की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

बोटांनी कॉर्ड दाबायचीच हौस असेल तर त्यांच्यासाठी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घ्या. ताण जवळजवळ निम्मा, मान रुंद, तारा लांब लांब, त्यामुळे जाड बोटांनाही जागा मिळते. मधुमेह असेल तर बोटाच्या टोकांना फोड येईपर्यंत बसू देऊ नका, दहा मिनिटं पुष्कळ झाली. बोट फ्रेटच्या अगदी मागे लागून ठेवलं की निम्मा जोर पुरतो. बसायला हात नसलेली खुर्ची आणि डाव्या पायाखाली घरातला पाट. स्टीलची गिटार असेल तर तिच्यावर नायलॉन चढवून उपयोग नाही, आणि क्लासिकलवर स्टील तर अजिबात नको, ब्रिज उखडतो.

उघड्या तारा

बाबांची बोटं दाबायला तयारच नव्हती. त्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तारा वेगळ्या लावणं. माझी जुनी स्टीलची गिटार पडून होती, ती घेतली. सहावी तार ई वरून सी पर्यंत उतरवली, पाचवी ए वरून जी वर, चौथी डी वरून सी वर. तिसरी जी तशीच. दुसरी बी वरून अर्धा स्वर चढवून सी, पहिली ई तशीच. म्हणजे जाडीकडून बारीककडे सी, जी, सी, जी, सी, ई. आपल्या भाषेत सा, प, सा, प, सा, ग.

आता डाव्या हाताचं कामच उरलं नाही. नुसता अंगठा फिरवला की तंबोऱ्यासारखा सूर भरून येतो. दोन्ही गिटारना एकाच फ्रेटवर कॅपो लावा: ते उघड्या तारा छेडतात, तुम्ही सी आणि ए मायनर वाजवता, कुठेच टक्कर होत नाही. बाबांनी पहिल्यांदा छेडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि आपसूक आलाप घेतला. मी वाजवायचं थांबलो आणि ऐकत बसलो.

सॉकेट आणि टिकल्या

त्यांच्या पिढीने गिटार पहिल्यांदा ऐकली ती रेडिओवर, मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांच्या हातून निघालेल्या सिनेगीतांच्या धून त्यांना अजून आठवतात. याच आडव्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रा यांनी राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यांची मोहनवीणा हेही गिटारचंच बदललेलं रूप. गिटार म्हणजे पोरांचं, असं घरात कुणी म्हणत असेल तर हे ऐकवा, प्रत्यक्ष वादन लावून.

मग सा-प-ग मध्ये लावलेली तीच गिटार मांडीवर आडवी ठेवा. तारांवर घासायला एक गुळगुळीत, जड लोखंडी नळी लागते. बाजारात स्लाइड मिळते, पण बाबांनी त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून पान्याचा लांब सॉकेट काढला, रॉकेलने पुसला आणि अंगठा व दोन बोटांत धरला. तो आजही आमच्याकडे चालतो. तार दाबायची नाही, सॉकेट तारेवर नुसता टेकवायचा, आणि फ्रेटच्या मागे नाही, बरोबर फ्रेटच्या डोक्यावर. खडखडलं की जोर जास्त झाला समजा. तारा उंच असलेली गिटार एरवी त्रासाची, इथे कामाची.

दुसरी तार सा आहे. कॅपोपासून मोजत दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, सातव्यावर प, नवव्यावर ध, बाराव्यावर वरचा सा. एका तारेवर अख्खा भूप मिळाला. या पाच जागी आईच्या पाकिटातल्या टिकल्या मानेच्या कडेला, वाजवणाऱ्याला दिसतील अशा लावा. पहिले काही दिवस फक्त सा ते ग, ग ते सा एवढंच घासत जायला सांगा. फ्रेटवर बोट ठेवून वाजवताना एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. सॉकेट मधल्या सगळ्या जागा दाखवत जातो. एका स्वरावरून दुसऱ्यावर असं घसरत जाणं म्हणजे मींड; भजन गाणाऱ्याला ती समजवायला लागत नाही, ती त्याच्या गळ्यात असतेच. बाबा आधी ओळ म्हणतात, मग सॉकेटने तीच ओळ काढतात, चुकली तर पुन्हा म्हणून बघतात. मी मध्ये बोलत नाही.

महिन्यातून एकदा मोबाइलवर एक गाणं रेकॉर्ड करा. तारीख बोलून सुरुवात करा. त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ते पुन्हा ऐकायला दोघांनी बसायचं असतं.

आणि पट्टी एकदा ठरली की कायमची ठरली असं समजू नका. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा, न सांगता. वरच्या सा ला आवाज फुटायला लागला, ओळ मध्येच सोडून दिली जायला लागली, की कॅपो एक फ्रेट मागे घ्या. आम्ही सुरू केलं तेव्हा तो तिसऱ्यावर होता. दीड वर्षाने मी तो दुसऱ्यावर आणला, गेल्या दिवाळीत पहिल्यावर. माझ्या गिटारचा कॅपो बदलला की त्यांच्या गिटारचाही मीच बदलून ठेवायचो, त्यांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. पण टिकल्या माझ्याकडून तशाच राहिल्या. दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो तर बाबांनी त्या नखाने काढून कॅपोच्या नव्या जागेपासून मोजत पुन्हा चिकटवल्या होत्या, पाचही बरोबर, आणि चहा होईपर्यंत ते सा ते ग घासत बसले होते.