आर्टिकलशिपला लागलात? खोटा हिशेब वहीबाहेर शोधा

नाशिकमध्ये सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, नुकतीच सुरू केलेल्यांसाठी हे लिहितेय. सुरुवातीचे महिने व्हाउचिंगमध्येच, म्हणजे वहीतली नोंद कागदांशी ताडण्यातच जातात. बिल, व्हाउचर आणि एंट्री जुळली की टिक मारायची, ही सवय फार लवकर लागते. पण ज्याला हिशेब फिरवायचाय तो तिन्ही स्वतःच तयार करतो, मग ती जुळणारच. म्हणून क्लायंटच्या अकाउंटंटने न लिहिलेला एक तरी कागद हाताशी हवा: वजनकाट्याची पावती, गेटवरचं रजिस्टर, वीजबिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल गाडीत भरल्याची पावती).

आपल्या जिल्ह्यात याच्या जोडीला पिकाची माहिती लागते. लासलगाव-पिंपळगावकडच्या कांदा व्यापाऱ्याचं ऑडिट आलं, तर आधी घरच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलून घ्या. लाल कांदा टिकत नाही, त्यानंतर येणारा रांगडाही फार दिवस राहत नाही. कांदाचाळीत साठवायला भरतात तो उन्हाळ कांदा, आणि तो साधारण मार्चअखेरपासून निघू लागतो. आता 31 मार्चच्या शिल्लक साठ्यात डिसेंबरात घेतलेला लाल कांदा शेकडो क्विंटल दिसत असेल, तर तो कुठे ठेवलाय हे विचारायलाच हवं. अखेरचा साठा फुगवला की नफा फुगतो आणि बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या तारणावर उचलता येणारी रक्कमही वाढते. उन्हाळ कांद्याचं उलटं बघायचं. चाळीत तो सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. एप्रिलमध्ये भरला तेवढाच ऑक्टोबरमध्ये विकला, घट शून्य, असं स्टॉक रजिस्टर माझ्या मते टेबलावर बसून लिहिलेलं असतं. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटची (साठ्याच्या विवरणाची) प्रत मागा आणि वहीतल्या साठ्याशी लावून बघा. कंपनीची खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा 5 कोटींच्या वर असेल, तर ही तिमाही विवरणं वहीशी जुळतात का, हे ऑडिटरला कारो 2020 (कंपन्यांच्या ऑडिट अहवालाबाबतचा सरकारी आदेश) प्रमाणे अहवालात सांगावंच लागतं.

द्राक्ष निर्यातीत हंगाम नेमका वर्षअखेरीवर येतो. इनव्हॉइस 29 मार्चचं आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती) एप्रिलचं असेल, तर सौद्याच्या अटी वाचा आणि विक्री कुठल्या वर्षाची ते ठरवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मस्टरवरची नावं पीएफच्या चलनाशी ताडून पाहा, नसलेल्या कामगारांच्या नावे पगार पडत नाही ना ते कळेल.

बँकेकडे शिल्लकीची खात्री मागणारं पत्र मात्र आपल्या ऑफिसनेच थेट पाठवायचं आणि उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर यायला हवं. क्लायंट म्हणेल, "द्या ना मॅडम, आमचा मुलगा बँकेत चाललाच आहे." गोड बोलून नाही म्हणा. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. तिथे बँकांकडून खात्री करून घेण्याचं काम ऑडिटरांनी कंपनीच्याच हाती सोडलं होतं, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. एवढा मोठा आकडा नुसत्या कागदांवर उभा राहिला, हे वाचताना मला आजही राग येतो.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग (नोंदीत झालेल्या प्रत्येक बदलाची यादी) सक्तीचा आहे. तो उघडा. वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने टाकलेल्या आणि रक्कम बदललेल्या नोंदी आधी वाचा.

काही सापडलं, तर तिथल्या अकाउंटंटशी वाद घालू नका. बहुतेकदा तो पगारी माणूस असतो, मालक सांगेल तसं लिहिणारा. "काका, याचा कागद बघायला मिळेल का?" एवढंच विचारा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं वर्किंग पेपरमध्ये (आपल्या ऑडिटच्या नोंदींत) लिहा. त्याच दिवशी सरांच्या, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या सीएंच्या कानावर घाला. कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने 1 कोटी किंवा त्याहून मोठा घोटाळा केल्याचं दिसलं, तर ऑडिटरला केंद्र सरकारला कळवावं लागतं. तो निर्णय सरांचा, पण त्यासाठी त्यांना तुमच्या नोंदीत बिल नंबर, तारीख आणि कोणाला काय विचारलं हे सगळं सापडायला हवं.