विद्युत अपघटनाची उत्पादिते लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या उत्तरपत्रिकांत मिठाच्या द्रावणाचे विद्युत अपघटन (विजेने होणारे विघटन) होऊन ऋणाग्रावर, म्हणजे घटाच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवर, सोडियम जमा झाल्याचे मला दरवर्षी वाचावे लागते. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकताच काय होते हे याच मुलांना तोंडपाठ असते. तरीही तो पाण्यात शांत बसून कसा राहील, हे त्यांच्या मनात येत नाही, कारण पाणी त्यांच्या हिशेबातच नसते. सोडियम आयनाचा प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचे माप; जितका जास्त उणे, तितकी ओढ कमी) उणे २.७१ व्होल्ट आहे, तर उदासीन पाण्यासाठी तो सुमारे उणे ०.४१ व्होल्ट. म्हणून क्षपण पाण्याचे होते, हायड्रोजन निघतो आणि ऋणाग्राभोवतीचे द्रावण अल्कधर्मी होते. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये सोडियम मिळवला, तो वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून.

पाण्याचा विसर मलाही एकदा पडला होता. आमचे कनिष्ठ महाविद्यालय पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, आहे. ऊर्ध्वपातित पाणी संपले होते, म्हणून मी सोडियम सल्फेटचे द्रावण बोअरच्या पाण्यात केले आणि धनाग्रावर ऑक्सिजन मिळेल असे फळ्यावर आधीच लिहून मोकळा झालो. थोड्याच वेळात ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला आणि ऋणाग्राच्या कांडीवर पांढरट थर चढू लागला. “सर, सल्फेटमधून क्लोरीन कसा निघाला?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी बाटलीतले रसायनच अशुद्ध ठरवले. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतले सल्फेट ऊर्ध्वपातित पाण्यात घेतले, तर ना वास आला, ना थर चढला. क्लोराइड बोअरच्या पाण्यातले होते, आणि ऋणाग्राजवळ तयार झालेल्या हायड्रॉक्साइडमुळे त्याच पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षार कांडीवर बसले होते. तेव्हापासून मी तालुक्याच्या दुकानातून इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी आणून ठेवतो आणि समीकरणाआधी भांड्यातील प्रत्येक आयन, पाणी व कांड्यांचा पदार्थ यांची यादी करायला लावतो. मोबाइलवरील एका मिनिटाच्या युक्त्यांत ही यादी नसते, म्हणूनच त्या एका मिनिटात संपतात.

कांड्यांचा पदार्थ न पाहणे ही दुसरी खोड. संत्र्याच्या बागांसाठी बोर्डो मिश्रण करतात ते मोरचूद (कॉपर सल्फेट) आमच्याकडे घरोघरी सापडते. त्याच्या द्रावणात कार्बनच्या कांड्या असतील तर धनाग्रावर ऑक्सिजन निघतो आणि निळा रंग फिका होत जातो. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार खरवडून वापरली, तर धनाग्राची तारच झिजते, ऋणाग्रावर तितकेच तांबे चढते आणि रंग तसाच राहतो. उतावळा विद्यार्थी मग बॅटरीला दोष देतो.

पाण्यातून ऑक्सिजनसाठी १.२३ आणि क्लोरीनसाठी १.३६ व्होल्ट हे आकडे पाहून, कमी आकड्याचा वायू आधी निघेल असे मानून, संहत मिठाच्या द्रावणात धनाग्रावर ऑक्सिजन लिहिणारा विद्यार्थी चुकतो, पण पाठांतर करणाऱ्यापेक्षा तो मला बरा वाटतो. ऑक्सिजन मुक्त होण्यास प्रत्यक्षात बराच अधिविभव (आकड्याहून जास्तीचे व्होल्ट) लागतो, म्हणून तेथे क्लोरीन मिळतो; द्रावण फार विरल केले की ऑक्सिजनचे प्रमाण वाढते.

जलीय द्रावणात धनाग्रावर सल्फेट किंवा नायट्रेटपासून वायू काढून दाखवू नये.

घटाचे कोणते टोक कोठे जोडले हे न पाहता निरीक्षणे लिहिणाऱ्यांसाठी मी तारांना लाल व काळी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तरीही वर्षातून दोनदा तांबे भलत्याच कांडीवर सापडते.