जुन्या जीपचं डिझेल इंजिन घरी उतरवताय? या चुका टाळा

इंजिन उतरवणं एका रविवारचं काम आहे. चेन पुली, पान्यांचा संच, मदतीला एक जाणता माणूस, आणि संध्याकाळपर्यंत बॉनेटखाली मोकळी जागा. चुका होतात त्या पुढच्या तीन-चार महिन्यांत, सुटे भाग इकडेतिकडे पडून असतात तेव्हा. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं इंजिन मी ठाण्यात कोलशेतला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरवलं आणि तिथेच पुन्हा बांधलं. प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, वेट लायनरचं (पिस्टन ज्यात चालतो ती नळी सुटी, बाहेरून थेट पाण्यात), वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण). तुमच्याकडे महिंद्राचं एमडीआय इंजिन असेल तर मापं वेगळी, हीटर प्लगची (थंड इंजिन सुरू करायला आतून तापवणारे प्लग) भानगड बहुधा नाही. पण चुका याच होतात.

उन्हाळ्याच्या शेवटी इंजिन उघडू नका

मला सगळ्यात महाग पडलेली चूक ही. एप्रिलच्या अखेरीस इंजिन उतरवलं, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगला वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात दिला. आठ दिवसांचं काम दीड महिना लांबलं. क्रँक घरी आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. छान चकचकीत जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग), वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी तो तसाच फळीवर ठेवला आणि बेअरिंगची वाट बघत बसलो. चार दिवसांनी कागद सोडला, तर तिसऱ्या बिग एंडच्या (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) जर्नलवर, कागदाची घडी जिथे दाबून बसली होती, बरोबर तिथे तांबड्या गंजाची रेघ. नखाला लागत होती. पॉलिशने गेली नाही. सगळे बिग एंड आणखी एका साइझने खाली न्यावे लागले आणि नंतर आलेला बेअरिंगचा सेट परत करावा लागला.

कागद ओल धरतो, आणि खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर तासलेलं पोलाद उघडं राहूच शकत नाही. काम दिवाळीनंतर काढा. मशीन शॉपमधून भाग येईल त्याच दिवशी पुसून इंजिन ऑइलचा जाड हात फिरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. क्रँक शक्यतो उभा ठेवा. आडवा ठेवायचाच तर दोन्ही टोकांच्या मेन जर्नलखाली लाकडी ठोकळे द्या.

उतरवताना

चेन पुली पार्किंगच्या पत्र्याच्या शेडला कधीही टांगू नका. एक टनाची पुली आणि लोखंडी घोडी भाड्याने मिळते. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करा. गरम अ‍ॅल्युमिनियम हेड घाईने सोडलं की वाकतं. फोर व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केसचं (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) वजन असतं, म्हणून इंजिन सुटण्याआधी बेल हाउसिंगखाली (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) जॅक लावा. नाहीतर सगळा भार इनपुट शाफ्टवर येतो आणि क्लच प्लेट मुरगळते. बसवतानाही तेच. बेल हाउसिंग आणि ब्लॉकमध्ये बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती बुजवू नका. शाफ्ट पायलट बुशमध्ये (क्रँकच्या मागच्या टोकातली छोटी बुश) गेलेला नसतो. क्रँक किंचित फिरवा, इंजिनाचा कोन बदला, ते आपसूक आत सरकतं.

इंजिन काढण्याआधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर फोटोत घ्या आणि आरसीशी ताडून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि तपासणीत हा नंबर बघतात. तिथे ग्राइंडर किंवा जाड रंग लावू नका. ब्लॉकच बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

खुणा

बेअरिंग कॅप आपापल्या रॉडबरोबर तासलेली असते. दुसऱ्या रॉडवर किंवा उलटी बसली तर भोक गोल राहत नाही. सोडायच्या आधी रॉड आणि कॅप दोघांवर एकाच बाजूला नंबर शोधा. नसेल तर पंचाने बारीक ठिपके मारा, मार्कर पुसला जातो. टॅपेट आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचून ठेवा.

धुणं आणि मोजणं

ब्लॉक हॉट वॉशला द्यायच्या आधी ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढायला सांगा. प्लग तसेच राहिले तर आतला गाळ फक्त मऊ होतो आणि नव्या बेअरिंगमध्ये येऊन बसतो. होनिंग केलेला (दगडाने बारीक घासलेला) लायनर किंवा बोअर डिझेलने धुवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. दगडाची बारीक पूड डिझेलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. मग पांढऱ्या सुती फडक्यावर ऑइल घेऊन पुसा. फडकं राखाडी झालं तर पुन्हा धुवा. माझं पाचव्यांदा पांढरं राहिलं.

वेट लायनरची ब्लॉकमधली बैठक ही दुसरी जागा, जिथे घाई नडते. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या इंजिनात तिथे दगडासारखा थर असतो. तो राहिला की लायनर तिरका किंवा उंच बसतो. सील न लावता लायनर बसवून ब्लॉकच्या वर तो किती येतो हे डायल गेजने चार बाजूंनी मोजा आणि मॅन्युअलशी जुळवा. जुन्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ते साध्या पाण्याचं देणं आहे. पुढे कूलंटच वापरा. आणि हेड नसताना लायनर पट्ट्यांनी दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका, लायनर उचलला जातो आणि खालचं सील कातरतं.

खरेदीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. बेअरिंग क्रँकच्या ग्राइंडिंगनंतर, मोजलेल्या मापाचीच घ्यायची. ब्लॉक बोअर करायचं इंजिन असेल तर मात्र पिस्टन आधी घ्या आणि मशीन शॉपला हातात द्या, म्हणजे प्रत्येक बोअर त्या-त्या पिस्टनला बसेल.

हेड बसवण्याआधी बोल्टची भोकं कोरडी करा. तळाशी ऑइल राहिलं तर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा देऊ शकतं. फ्युएल पंप घरी उघडू नका, कॅलिब्रेशनला द्या; काढताना फ्लँजवर टायमिंगची खूण करा आणि सगळ्या पाइपांची तोंडं झाका. नोझलचा फवारा कधीही बोटाने तपासू नका. तो कातडीखाली घुसतो आणि बोट गमवायची वेळ येते.

पहिला स्टार्ट

स्टॉप केबल (डिझेल तोडणारी) ओढून ठेवा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मगच डिझेलच्या पाइपांतली हवा काढा आणि स्टार्ट करा. हातात प्लायचा तुकडा हवाच. ऑइल जास्त भरलं असेल किंवा ऑइल बाथ एअर क्लीनर काठोकाठ असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम पळतं आणि चावी बंद करून थांबत नाही. इनटेकच्या तोंडावर प्लाय दाबायचा, हात नाही.

पहिल्या काही मिनिटांचा निळसर धूर बांधताना लावलेल्या ऑइलचा असतो. पांढरा धूर डोळे झोंबवत असेल तर टायमिंग मागे किंवा हीटर प्लग मेलेला; पांढराच पण गोडसर वासाचा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर हेड गॅस्केट किंवा लायनर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडत असेल तर इंजिनाला दोष देण्याआधी डिझेल पाइपांच्या जोडावरच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदला, हवा तिथूनच शिरते.

तासभर आयडलवर चालवत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत, लायनर गुळगुळीत होतो. मी गाडी पहाटे पाचला, ट्रॅफिक नसताना, गायमुखच्या चढाला नेली: मध्यम भार, इंजिन ना कुंथवता ना ताणता. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढलं, पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि ताटली उन्हात तिरकी केली. थोडी राखाडी झाक होती, ती नव्या रिंगांची. तांबूस चकत्या शोधल्या, बेअरिंग झिजत असेल तर त्या दिसतात. एकही नव्हती.