जुलैत पावसाने ओढ दिली तर भाताचा तरवा कसा जगवायचा

कोकणात भर पावसाळ्यात दुष्काळाचं नाव काढलं की लोक हसतात. पण जांभ्याच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत पाणी टिकत नाही. जुलैत आठवडाभर कडक ऊन पडलं की तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, माना टाकायला लागतो. अशा वेळी ‘जिल्ह्यात पाऊस सरासरीइतका’ ही बातमी काही कामाची नाही. हवामान खात्याच्या हिशेबात सरासरीच्या १९ टक्के खाली-वर सगळं ‘सरासरी’तच मोडतं आणि एका रात्रीत कोसळून वहाळातून खाडीला गेलेलं पाणीही त्याच बेरजेत धरलं जातं. म्हणून मोजायचे ते कोरडे दिवस. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, २.५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तो दिवस कोरडा.

अंदाज वाचताना रंगाइतकंच शब्दाकडे लक्ष द्या. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. पिवळा इशारा असूनही आपली वाडी कोरडी राहते ती यामुळेच. ‘तुरळक’च्या भरवशावर चिखलणीला (लावणीआधी शेतात चिखल करायला) पॉवर टिलर सांगू नका. मान्सूनचा आस (कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी सरकल्याचं वाचलंत तर ओढ लांबणार असं धरून चाला. गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की मात्र माणसं सांगून ठेवायला हरकत नाही. दर गुरुवारचा विस्तारित अंदाज चार आठवड्यांचा कल सांगतो, लावणीचा दिवस त्यावरून ठरवता येत नाही.

आता पाण्याचा हिशेब. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर. दोन गुंठे तरव्याला एका वेळी ५ मिलिमीटर द्यायचं तर हजार लिटर लागतं, म्हणजे घरावरची एक मोठी टाकी. विहिरीचं पाणी संध्याकाळी द्या, दुपारी दिलेलं बरंचसं उन्हातच जातं. गादीवाफ्यावर पाट सोडू नका, झारीने किंवा पाइपला शॉवर लावून शिंपा. जोराच्या धारेने मुळं उघडी पडतात.

कोरड्या वाफ्यात कोवळं पान पिवळं-पांढरं पडू लागलं तर लगेच युरिया टाकायची घाई नको. बऱ्याचदा ती लोहाची कमतरता असते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन उतरल्यावर फवारा. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी डाग दिसले तर तो करपा, म्हणजे बुरशीचा रोग. त्याला हिराकस चालत नाही. सुक्या जमिनीत युरिया तर देऊच नका: ओल नसल्याने मुळांना मिळत नाही आणि वर पडून राहिल्यास हवेत उडून जातो.

लावणी झालेल्या शेतात पाणी कमी असेल तर सगळ्या खाचरांना थोडं थोडं वाटत बसू नका. नुकत्या लावलेल्या खाचरांना पहिलं पाणी द्या, कारण रोप मूळ धरेपर्यंत ओल तुटून चालत नाही. त्याआधी मेरा (खाचरांचे बांध) फिरून पाहा. खेकड्यांची बिळं राहिली तर रात्रीत खाचर रिकामं होतं. बिळात दगड सारून वर चिखल थापा, नुसता चिखल सकाळपर्यंत वाहून जातो.

लावणी लांबून तरवा जून झाला तर एका चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) दोन-तीनऐवजी चार-पाच रोपं घ्या आणि अंतर १५ बाय १५ सेंटीमीटर ठेवा. जून रोपाला फुटवे कमी येतात.